पाणी मोजत बसू नका, फॉर्म भरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या मराठी घरांच्या महिन्याच्या खर्चावर लेख होता आणि खाली एक ओळ टाकली होती की पाण्याच्या बिलाबद्दल काही अडलं असेल तर लिहा. बरीच पत्रं आली. कारण उघड आहे, एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधलं सरासरी घरगुती पाणीबिल एका झटक्यात १२३ पौंडांनी वाढून वर्षाला ६०३ पौंडांवर गेलं. ज्यांच्या घरी दोघं कमावतात त्यांनी नाक मुरडलं आणि भरलं. पण ज्या घरात कुणी आजारी आहे, मुलं जास्त आहेत आणि पगार तुटपुंजा आहे, तिथे माणसं पाणीच कमी करायला लागली आहेत, आणि पत्रं वाचताना खरंच वाईट वाटलं ते याचं. म्हणून यावेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न : आम्ही स्लाउला राहतो, आम्ही दोघं आणि मुलगी. ह्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा आजार) आहे, त्रास उफाळला की दिवसातून पंधरा पंधरा वेळा टॉयलेटला जावं लागतं, चादरी रोज धुवायला पडतात. ह्यांचं काम सुटलं, आता युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यावर घर चालतं. घराला मीटर आहे. नवीन बिल आल्यापासून हे फ्लश करतानासुद्धा विचार करतात, मला ते बघवत नाही. आजारी माणसांना बिलात काही सवलत असते असं एकीने सांगितलं, खरं आहे का?

ताई, खरं आहे. आणि आधी ह्यांना सांगा की फ्लशचा विचार सोडा.

या योजनेचं नाव वॉटरशुअर. १९९९ च्या सरकारी नियमांतून ती आली, म्हणजे इंग्लंडमधल्या प्रत्येक पाणी कंपनीला ती द्यावीच लागते. कंपनीची मेहेरबानी नाही ही, तुमचा हक्क आहे, त्यामुळे फोन करताना आवाज खाली ठेवायची काही गरज नाही. वेल्समध्येही तीच आहे, तिथल्या मोठ्या कंपनीकडे नाव जरा वेगळं आहे इतकंच.

तिचं काम असं चालतं. तुमच्या कंपनीच्या भागातलं मीटरवाल्या घरांचं जे सरासरी बिल असतं, त्याच्या वर तुमचं बिल जाऊ देत नाहीत. समजा सरासरी ६०० पौंड आहे आणि तुमच्या मीटरप्रमाणे ९५० झालेत, तर तुम्ही ६००च भरायचे, वरचे सोडून देतात. आणि समजा एखाद्या वर्षी ह्यांना बरं वाटलं, वापर कमी झाला आणि बिल ५२० आलं, तर ५२०च भरायचे. म्हणजे अर्ज करून नुकसान असं कुठेच नाही.

यासाठी तीन गोष्टी लागतात. घराला मीटर हवा, तो तुमच्याकडे आहे. घरातल्या कुणालातरी उत्पन्नावर अवलंबून असलेला एखादा भत्ता मिळत हवा, युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट वगैरे, तोही आहे. आणि तिसरं म्हणजे जास्त पाणी लागायचं कारण, एक तर एकोणीसच्या आतली शिकणारी तीन किंवा जास्त मुलं ज्यांचा चाइल्ड बेनिफिट मिळतो, नाहीतर आजारपण. आजारांची यादी नियमातच दिलेली आहे आणि त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस नाव घेऊन आहे, आतड्यांचा क्रोन्स आहे, पोटावर स्टोमाची (मल-मूत्र गोळा करणारी) पिशवी असणं आहे, लघवी-शौचावर ताबा नसणं आहे, एक्झिमा-सोरायसिससारखे कातडी सोलवटणारे आजार आहेत, पाझरणाऱ्या जखमा आहेत, घरी डायलिसिस आहे. यादीत नसलेला आजार असला तरी डॉक्टरने लिहून दिलं की याला बरंच जास्त पाणी लागतं, तरी चालतं.

(बागेला स्प्रिंकलर किंवा दहा हजार लिटरच्या वरचा आपोआप भरणारा स्विमिंग पूल असेल तर मिळत नाही. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणाकडे पूल असेल असं वाटत नाही.)

आता तुमचं बिल काढा आणि समोर ठेवा. त्यावर दोन रकमा दिसतील, एक येणाऱ्या पाण्याची आणि एक जाणाऱ्या सांडपाण्याची. सांडपाण्याला वेगळा मीटर नसतो, नळाने जेवढं पाणी आलं त्यातलं जवळजवळ सगळं गटारात गेलं असं धरून हिशोब लावतात. म्हणजे ह्यांच्या एका फ्लशचे पैसे तुम्ही दोनदा देताय, आत येताना आणि बाहेर जाताना. म्हणूनच आजारपणात बिल इतकं पटकन फुगतं, तुमच्या उधळपट्टीने नाही. वॉटरशुअरची मर्यादा दोन्ही रकमांना लागते. काही भागात पाणी एका कंपनीचं आणि सांडपाणी दुसरीचं असतं, तेव्हा फोनवर स्पष्ट विचारा की दोन्हीकडे लागू झालं का, एकावरच थांबू नका.

फॉर्म कंपनीच्या वेबसाइटवर असतो किंवा फोन केला की घरी पाठवतात. युनिव्हर्सल क्रेडिटचं ताजं स्टेटमेंट आणि आजाराचा पुरावा जोडायचा. आपली माणसं फॉर्मवर आजाराचं नाव लिहितात आणि थांबतात, लाज वाटते म्हणून. तसं करू नका. आजारामुळे पाणी कुठे जातं ते लिहा, 'त्रास असताना रोज दोन मशीन कपडे, रात्रीतून दोनदा आंघोळ, दिवसाला पंधरा फ्लश' असं साध्या शब्दात. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि उलटप्रश्न येत नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. ही सवलत साधारण वर्षाने परत मागावी लागते, पत्र आलं की त्याच आठवड्यात उत्तर द्या, नाहीतर गुपचूप बंद पडते आणि पुढच्या बिलात कळतं. आणि त्याच फोनवर सांगा की आमचं नाव प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरवर घाला. ते फुकट आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही, पाइप फुटून पाणी गेलं तर त्या यादीतल्या घरांना बाटल्यांचं पाणी घरपोच मिळण्याची सोय असते. कोलायटिसच्या माणसाच्या घरात अर्धा दिवस पाणी नसणं म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न : लेस्टरमध्ये केअर होममध्ये काम करते, व्हिसावर आहे. नवरा आणि दोन मुलं इथेच आहेत. धाकट्याला खूप एक्झिमा आहे, जीपीने रोज आंघोळ आणि मलम सांगितलंय, त्याचे कपडे अंथरूण सगळं वेगळं धुवावं लागतं. व्हिसावर लिहिलंय की पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत, घ्यायचे नाहीत. मग आम्हाला काहीच मिळणार नाही का? विचारायलाही भीती वाटते.

भीती रास्त आहे, कारण व्हिसाची अट मोडली तर पुढचं सगळंच धोक्यात येतं, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करू नका. आणि वॉटरशुअरला तसला भत्ता लागतोच, त्यामुळे आजार यादीत असूनही तुम्हाला ती योजना मिळणार नाही. माझ्या मते हा त्या नियमातला सगळ्यात मोठा दोष आहे. मुलाची कातडी व्हिसा बघून खाजत नाही. रात्रपाळ्या करून दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना आंघोळ घालणारी बाई स्वतःच्या पोराच्या आंघोळीला घाबरते, हे बरोबर नाही, आणि हे मी लिहून ठेवतोय.

पण दार एकच नाही. २०१० च्या एका कायद्याने पाणी कंपन्यांना कमी उत्पन्नाच्या घरांसाठी स्वतःचे सवलतीचे दर ठेवता येतात, त्याला सोशल टॅरिफ म्हणतात. तुमच्याकडे सेव्हर्न ट्रेन्ट कंपनी आहे, तिच्या योजनेचं नाव बिग डिफरन्स स्कीम. हे दर मुख्यतः घरात येणाऱ्या पैशावर ठरतात, भत्ता मिळतोच पाहिजे असं नसतं. आणि मुख्य मुद्दा हा की इमिग्रेशनच्या नियमात पब्लिक फंड्स म्हणजे काय याची यादी ठरलेली आहे, युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, कौन्सिलचं घर वगैरे त्यात आहे, पाणी कंपनीने स्वतःच्या दरात दिलेली सूट त्या यादीत नाही. तरी मनाची खात्री हवी असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला केंद्रात जाऊन व्हिसाचे कागद दाखवून विचारा, तिथे पैसे लागत नाहीत.

फोन करताना दोघांच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप, भाडं, प्रवास, मुलांचा खर्च हे एका कागदावर मांडून बसा. भारतात पाठवायचे पैसे, म्हणजे सासूबाईंच्या औषधांना वगैरे, ते बहुतेक खर्चात धरत नाहीत, त्यामुळे हिशोब त्याच्याशिवायचा करून ठेवा म्हणजे ऐन वेळी गोंधळ होत नाही. कंपनीने नाही म्हटलं तर नकाराचं कारण लेखी मागा. कारण पटलं नाही तर आधी कंपनीतच तक्रार करायची, तिथे दाद लागली नाही की कन्झ्युमर काउन्सिल फॉर वॉटर नावाची संस्था आहे, ती ग्राहकांच्या बाजूने फुकट मध्ये पडते.

मुलाची आंघोळ मात्र कमी करू नका हो. बाकी काटकसर आपण मोठे करू.

प्रश्न : मी ठाण्याहून लिहितेय. मुलगा आणि सून ल्यूटनला असतात. मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्या, ट्रान्सप्लांटची वाट बघतोय, तोवर घरी मशीन लावून डायलिसिस करतो. काम अर्ध्यावर आलंय. सून म्हणाली पाण्याचं बिल थकलंय. आमच्याकडे बिल थकलं की महापालिकेची माणसं येऊन नळ तोडतात. तिथे तोडलं तर त्याचं डायलिसिस कसं होणार? मला झोप लागत नाही.

काकू, आधी एवढं वाचा आणि मग बाकीचं. इंग्लंडमध्ये राहत्या घराचं पाणी बिल थकलं म्हणून तोडता येत नाही. १९९९ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे, डायलिसिस असो नसो. नळ चालूच राहणार.

थकबाकीचा तगादा मात्र लागतो, पत्रं येतात, वसुलीवाल्यांकडे प्रकरण जाऊ शकतं, म्हणून मुलाने गप्प बसू नये. आणि त्याच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक राहून गेलीय असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पोटातून पिशव्यांनी करतात त्या डायलिसिसला नळाचं पाणी फारसं लागत नाही, पण रक्ताचं मशीनवालं डायलिसिस म्हणजे पाण्याचाच खेळ आहे. मिनिटाला अर्धा लिटर द्रव या साध्या हिशोबाने चार तासाच्या एका बैठकीला १२० लिटर होतात, आणि ते शुद्ध पाणी तयार करताना फिल्टर जे पाणी फेकून देतो ते वेगळंच. आठवड्यात तीनदा केलं तरी बघा कुठे जातं. इंग्लंडमध्ये एक माणूस दिवसाला साधारण १४० लिटर वापरतो, म्हणजे डायलिसिसच्या दिवशी घरात एक माणूस वाढल्यासारखंच झालं, जास्तच.

हा जास्तीचा खर्च पेशंटने सोसावा असं अपेक्षित नाही. घरी मशीन देणारं हॉस्पिटलचं जे युनिट असतं ते पाण्या-विजेचा वाढीव खर्च परत देतं, पण मागावं लागतं, कुणी आपणहून चेक पाठवत नाही. सुनेला सांगा डायलिसिस नर्सला पुढच्या भेटीत सरळ विचार, 'होम हीमोडायलिसिसच्या पाण्याचे पैसे परत मिळतात ना, फॉर्म कुठाय?' तिकडून पाण्याचे पैसे मिळत असतील तर डायलिसिसच्या कारणावर वॉटरशुअर मिळत नाही, मिळत नसतील आणि भत्ता चालू असेल तर मिळते. दोन्ही एकदम नाही, पण दोन्हीपैकी एकही नाही असं होऊ देऊ नका.

थकलेल्या बिलासाठी कंपनीला फोन करून हप्ते बांधून घ्यायचे. काही कंपन्यांची अशीही सोय असते की तुम्ही ठरलेला हप्ता नियमित भरत राहिलात तर जुन्या थकबाकीतला काही भाग त्या माफ करतात. तेही नाव काढून विचारायचं.

मुलाचं ट्रान्सप्लांट लवकर होवो.

प्रश्न : ग्लासगोमध्ये राहतो, आई स्टोमाची पेशंट. वॉटरशुअर इथे मिळेल का?

नाही, स्कॉटलंडचा कारभार वेगळा. तिथे बहुतेक घरांना मीटरच नसतो, पाण्याचे पैसे कौन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारखा कर) बिलातून जातात आणि घर किमतीच्या कोणत्या बँडमध्ये, म्हणजे गटात, आहे त्यावर ठरतात, त्यामुळे आईने कितीही पाणी वापरलं तरी रक्कम तीच. म्हणजे ती काळजी नको. उत्पन्न कमी असेल तर कौन्सिल टॅक्स रिडक्शनचा अर्ज करा, तो मंजूर झाला की पाण्याच्या रकमेतही जास्तीत जास्त ३५ टक्के सूट आपोआप लागते. लोक फसतात ते इथे की कौन्सिल टॅक्स पूर्ण माफ झाला म्हणजे सगळंच माफ झालं असं समजतात आणि पाण्याचं थकतं. ते उरतंच, भरावं लागतं.

प्रश्न : दिल्लीत पहाडगंजला आमचं जुनं मराठी कुटुंब, नऊ माणसं, एकच कनेक्शन. महिन्याला वीस हजार लिटर फुकट म्हणतात पण आम्ही नेहमी थोडं वर जातो आणि पूर्ण बिल येतं. वडील अंथरुणाला खिळलेत. इंग्लंडसारखं इथे काही आहे का?

तुमचं पत्र मुद्दाम घेतलं, कारण एकाच प्रश्नाला दोन देशांनी किती वेगळं उत्तर दिलंय ते यातून दिसतं. दिल्लीने २०१५ पासून मीटर असलेल्या घराला महिन्याला वीस हजार लिटर फुकट दिलं. लाखो घरांना त्याचा फायदा झाला, ते नाकारायचं कारण नाही. पण मर्यादा ओलांडली की वरच्यापुरते नाही, सगळ्याच पाण्याचे पैसे लागतात. आणि मर्यादा घराला आहे, माणसांना नाही. हिशोब करून बघा, वीस हजार म्हणजे दिवसाला साधारण ६६७ लिटर. पाच जणांच्या घरात माणशी १३३ होतात, आरामात भागतं. नऊ जणांत ७४, त्यात वडिलांचं अंथरूण-पांघरूण रोज धुवायचं. दोघांचं घर, कमाई तुमच्या चौपट, ते फुकट पाणी पितं आणि तुमच्याकडे बिल येतं. गरज जास्त म्हणून शिक्षा, असा याचा अर्थ होतो.

इंग्लंडच्या पद्धतीत भत्त्याची अट वगैरे दोष आहेत, वर लिहिलेच. पण तिने एक प्रश्न विचारलाय की या घरात पाणी जास्त का लागतं, आणि कारण खरं असेल तर बिलाला छत घातलंय. आपल्याकडे, दिल्लीत काय आणि मुंबई-पुण्यात काय, टप्प्याटप्प्याने वाढणारे दर लावताना हा प्रश्न विचारायला हवा, निदान घरातली माणसं मोजून आणि आजारपणाचा दाखला बघून. तुमच्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे हा ६६७ आणि ७४चा हिशोब कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. तोवर घरापुरतं एकच, तुम्ही 'थोडंच वर' जाता ना, मग महिनाअखेर नुसतं बिल बघण्यापेक्षा दर आठवड्याला मीटर वाचून लिहून ठेवा. ४,५०० लिटरच्या आत आठवडा बसला तर महिना वीस हजारांच्या आत राहतो. आणि टाकी ओसंडून वाहत नाही ना ते बघा, जुन्या घरांत फुकटचं कोट्यातलं पाणी गच्चीवरूनच जातं कित्येकदा.

प्रश्न : हॅरोला राहतो, तीन मुलं, हाउसिंग बेनिफिट मिळतो. घराला मीटर नाही, जुन्या पद्धतीने बिल येतं. मीटर घ्यावा का? बायको म्हणते पाच माणसांत मीटर म्हणजे खड्डा.

वहिनी एरवी बरोबर बोलतायत, मोठ्या कुटुंबाने मीटर घेऊ नये हेच मीही सांगतो. पण तुमच्याकडे तीन मुलं आणि हाउसिंग बेनिफिट दोन्ही आहे, मीटर लागला की तुम्ही वॉटरशुअरमध्ये बसता आणि बिल सरासरीवर जाऊन थांबतं. त्यामुळे करायचं इतकंच की सध्याचं वर्षाचं बिल एका बाजूला लिहा आणि कंपनीला फोन करून विचारा की तुमच्याकडे वॉटरशुअरची या वर्षीची मर्यादा किती पौंड आहे. मर्यादा कमी असेल तर मीटर घ्या आणि त्याच फोनवर वॉटरशुअरचाही अर्ज मागा, मीटर लागेपर्यंत थांबू नका. जास्त असेल तर आहे ते बरं आहे. जुनं बिल घराच्या १९९० आधीच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे तेव्हाच्या करासाठी ठरवलेल्या किमतीवर असतं, ते काही घरांना फारच महाग पडतं आणि काहींना अगदी स्वस्त, म्हणून शेजाऱ्याचं ऐकून ठरवू नका.

मुलांबद्दल एक गैरसमज बऱ्याच पत्रांत दिसला. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एप्रिल २०२६ पर्यंतच्या दोन मुलांच्या मर्यादेचं ऐकून लोकांना वाटतं की तिसरं मूल कुठेच धरत नाहीत. वॉटरशुअरला चाइल्ड बेनिफिट बघतात, आणि चाइल्ड बेनिफिट तिसऱ्या, चौथ्या मुलालाही मिळतो. तिसऱ्याचा अर्ज केला नसेल तर आधी तो करा, कारण त्याच्याशिवाय तीन मुलं मोजली जाणार नाहीत. मोठा सोळा पूर्ण झाला असेल तर तो अजून शिकतोय हे चाइल्ड बेनिफिटवाल्यांना कळवलंय ना तेही बघा, नाहीतर त्याचा बेनिफिट बंद होतो आणि त्याबरोबर पाण्याची सवलतही.

मीटर घ्यायच्या आधी टॉयलेट तपासा. टाकीत जिलेबीचा खायचा रंग चमचाभर टाका, रात्रभर कुणी फ्लश करू नका, आणि सकाळी भांड्यात केशरी पाणी दिसलं तर टाकी गळतेय. आवाज येत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण अशी एक टाकी दिवसाला दोनशे ते चारशे लिटर पाणी घालवते. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला मेसेज करा, तोंडी नको, आणि दुरुस्ती झाल्यावरच मीटरची तारीख घ्या.